बेचाळीस खुणा

५ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण एकदा वाचून फाड. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय तेही डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, ड्यूटीच्या जुन्या तक्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. तुझी आई म्हणेल, चांगला कागद आणायला काय झालं होतं? चांगला कागद आणला असता तर मला काही सुचलंच नसतं.

बातमी अशी की तुझा बाप मॅरेथॉन धावणार आहे. हसून घे. इथे सगळे पोट धरून हसले. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आयुष्यभर लोक तुमच्या बसमागे धावले, आता रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली आणि तुम्हाला ही हौस?" तू शेवटचं पाहिलंस त्यापेक्षा माझं वजन नऊ किलोंनी वाढलंय. तीस वर्षं बसून खाल्लं की असं होतं, आणि मी तर अक्षरशः बसूनच खाल्लं.

झालं असं. मागच्या महिन्यात आई तुझ्याकडून परत आली तेव्हा तिच्या फोनमध्ये छोटीचा व्हिडिओ होता. छोटी तुझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगत होती. मी विचारलं, "काय म्हणतेय?" आई म्हणाली, "विचारतेय, आजोबांची बस लाल आहे की निळी." छोटीला ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. तरी ती साडेतीन वर्षांची पोर तुझ्याशी आणि जावयाशी हातांनी बोलते, तुझी आई तिला तशीच उत्तरं देते, आणि सगळ्या गोतावळ्यात काही न कळणारा असा मी एकटाच.

त्याच वेळी मला हेही कळलं की तुझ्या आईला ही भाषा येते. कधीपासून, असं विचारलं तर शांतपणे म्हणाली, "पोरगी सहा वर्षांची होती तेव्हापासून. तुम्ही ड्यूटीवर गेलात की आम्ही दार लावून बोलायचो." माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे, अठरा वर्षं! मी रागाने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिला त्याचा काहीच त्रास होत नाहीये.

मग मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत पालकांसाठी जो खुणांच्या भाषेचा वर्ग असतो, तिथे नाव घातलं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी. अकरा आया आणि मी. सगळ्यांची मुलं दोन-तीन वर्षांची. एकीने विचारलं, "काका, तुमचं बाळ केवढं?" मी म्हटलं, "तीस वर्षांचं."

शिकवणारे सर स्वतः कर्णबधिर आहेत. शाळेत खेळाचा तासही तेच घेतात, त्यामुळे गळ्यात कायम शिट्टी. ती ना त्यांना ऐकू येते ना मुलांना. ते ती फक्त आम्हा पालकांना दचकवायला वाजवतात आणि आम्ही उडालो की खूष होतात. आम्ही त्यांना शिट्टीसर म्हणतो. तर शाळा चालवणाऱ्या संस्थेकडचे पैसे संपत आलेत आणि मार्चनंतर हा वर्ग बंद पडणार आहे. सरांनी फळ्यावर लिहिलं, "फेब्रुवारीत मॅरेथॉन आहे. मी वर्गासाठी देणग्या जमवत धावणार. बरोबर कोण?" अकरा बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कडेवर पोरं घेतलेल्या त्या, आणि मी रिकामा. नाही म्हणायला तोंड कुठून आणू?

झालं ते झालं, त्यात मी आता शिरत नाही. तू आईकडून निरोप पाठवला होतास, "ज्या दिवशी त्यांना माझ्या भाषेत बोलता येईल त्या दिवशी माझं दार उघडं. तोवर नाही." दार बंद आहे म्हणून हे टपालपेटीत टाकतोय.

तुझा,
बाबा

२ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज ड्यूटीवरून आलो की पेटीत हात घालून बघतो.

आज अकरा किलोमीटर झाले. सकाळी सहाला निघतो आणि माझ्या बसच्या, सात नंबरच्याच मार्गावर धावतो, कारण मला दुसरा रस्ता येत नाही. डेपो, हॉस्पिटल, कोर्ट, पाण्याची टाकी, दोन्ही पूल, गोदामं, नदीचा बांध. मोठी अडचण गुडघ्यांची नाही, सवयीची आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी मी लाल दिव्यापाशी उभा राहतो. थांबा आला की पाय आपोआप हळू पडतात. कोणी हात केला तर थांबतोच. परवा हॉस्पिटलच्या थांब्यावर एका बाईने बसला हात केला. बस माझ्या मागून येत होती, पण थांबलो मी. तिने मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत जाता?"

बसमध्ये देणगीची पेटी लावायची परवानगी मॅनेजरने दिली नाही. नियम आहे, त्याचंही बरोबर आहे. मग तुझ्या आईने डोकं चालवलं. बेचाळीस किलोमीटर, बेचाळीस माणसं. जो माणूस संस्थेला आपल्या ऐपतीप्रमाणे देणगी देईल, त्याने मला एक शब्द द्यायचा. शिट्टीसर मला त्या शब्दाची खूण शिकवणार, आणि शर्यतीत त्या माणसाचा किलोमीटर आला की मी ती खूण करत धावणार. सात नंबरच्या प्रवाशांना हे फार आवडलंय. रोज चढता-उतरता लोक शब्द देतात. हॉस्पिटलच्या नर्सने दिला "झोप". कोर्टात जाणाऱ्या वकिलाने दिला "तारीख", आणि वर स्वतःच हसत बसला. मेकॅनिकने मुद्दाम "ग्रीस" दिला. शाळेत जाणाऱ्या दोन जुळ्या बहिणींनी खाऊचे पैसे एकत्र करून "डायनासोर" दिला. त्याची खूण मला इतकी आवडली की परवा सिग्नलला उभा असताना करून पाहिली. शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच वर करून घेतली.

आईनेही एक किलोमीटर घेतलाय. तिचा शब्द "पाणी". मी म्हटलं, "अगं, एवढा साधा? काहीतरी चांगला दे." ती भांडी विसळत राहिली.

बाबा

३० नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

हे पत्र थोडं वेगळं आहे. गमतीजमती पुढच्या वेळी.

आज शिट्टीसरांबरोबर अठरा किलोमीटर धावलो. ते माझ्यासाठी हळू धावतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने चालतातच. चौदाव्या किलोमीटरनंतर माझी हवा गेली. छाती फुटेल असं वाटायला लागलं. पलीकडून धावणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने "कसं काय?" विचारलं, तर मला "बरंय" एवढंही म्हणता येईना. आणि त्याच वेळी सर शेजारून हातांनी मला बायकोने काल कशी खरडपट्टी काढली ते रंगवून सांगत होते. त्यांनी विचारलं, "तुझी बायको रागावते का?" माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण हात मोकळे होते. मी हातांनी म्हटलं, "माझी बायको रागावत नाही. माझी बायको गप्प बसते. ते जास्त वाईट." सर इतके हसले की त्यांना थांबावं लागलं.

मग पुढचे चार किलोमीटर आम्ही गप्पा मारत गेलो. मी अडखळतो, बोटं चुकतात, पण दमल्यामुळे काही अडत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरी येऊन अंघोळ करताना मात्र मला आपले बोलण्याचे धडे आठवले. तुला आठवतं ना, रोज संध्याकाळी दोन तास? आरशासमोर तू, शेजारी मी. तळहातावर कापसाचा बोळा ठेवून "प" म्हणायचं, बोळा उडाला पाहिजे. एका "प"ला आपण दोन महिने घालवले. मग "फ". तुझा गळा दुखायचा, डोळे जड व्हायचे, आणि मी म्हणायचो, आळस करते. पाहुणे आले की तुला पुढे उभी करून नाव सांगायला लावायचो, आणि ते म्हणायचे, "अरे वा, बोलते की!" मला वाटायचं, जग जिंकलं.

ज्या चौदाव्या किलोमीटरला माझा एक शब्द निघत नव्हता, तिथे मी तुला दररोज उभी केली, सतरा-अठरा वर्षं. आणि तुझे हात तेव्हाही मोकळे होते.

आणखी लिहिवत नाही.

बाबा

२० डिसेंबर

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. आईला दाखवलं नाही आधी, खिशात घेऊन फिरलो. तू लिहिलंस ते आता पाठ झालंय.

"बाबा, पत्रं मिळाली. चांगली आहेत, मी हसले पण. पण कागदसुद्धा तुमचाच आहे. आधी तुमचे ओठ वाचायचे, आता तुमचं अक्षर वाचते. तुम्ही बोलणार, मी वाचण्याचे कष्ट करणार, आपलं तेच चाललंय. तुम्ही लिहिलंत, झालं ते झालं. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे का?"

खरं सांगू? मला राग आला. संतापच आला. म्हटलं, एवढा मी या वयात तंगड्या तोडतोय, बायकांच्या वर्गात बसून पोरासारखा शिकतोय, आणि ही पोरगी मलाच विचारते, माहीत आहे का! कार्ड टेबलावर आपटलं आणि तसाच बाहेर पडलो. किती धावलो ते मोजलं नाही. परत आलो तर आई कार्ड हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "तिने विचारलंय त्याचं उत्तर द्या. तिच्यावर रागावणं हे काही उत्तर नाही."

तर ऐक, म्हणजे वाच. कागदाबद्दल तुझं बरोबर आहे, पण माझे हात अजून एवढं सांगण्याइतके तयार नाहीत.

जेवायच्या टेबलावर आपला नियम होता, हात मांडीखाली. तू हातावर बसून जेवणाची वाट बघायचीस. काही हवं असेल तर तोंडाने म्हणायचं. बसमध्येही तेच. सुट्टीच्या दिवशी तुला मी बरोबर न्यायचो, माझ्या मागच्या एकट्या सीटवर बसवायचो, आणि तिथेही हात मांडीखाली. लोकांना खुणा दिसल्या तर ते बघत बसतील, तुला वेडी समजतील, असं मी आईला सांगायचो. ते खोटं होतं. लोक माझ्याकडे बघतील याची मला लाज वाटायची.

तू सात वर्षांची होतीस. तापातून उठली होतीस. टेबलावर तू हाताने पाणी मागितलंस आणि मी पाण्याचा जग माझ्याकडे ओढून घेतला. "तोंडाने म्हण." तू रडलीस. आई उठली तर तिलाही मी बसवलं. पाऊण तास, भिंगरी. मी घड्याळ बघत होतो. शेवटी तू "पा" म्हणालीस आणि मी टाळ्या वाजवल्या. पेला भरून तुझ्यापुढे ठेवला. तू तो प्यायली नाहीस, उठून गेलीस. मी आईला म्हणालो, हट्टी आहे, पण बोलली बघ.

आणि लग्नाचं. जावयाला घेऊन तू घरी आलीस. त्याचे आईवडील समोर बसलेले. मी म्हणालो, "दोघंही मुकी. घरात काय, भिंती बोलणार?" तुझ्याकडे तोंड करून म्हणालो. तुला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणालो. लग्नाच्या दिवशी मी जादा ड्यूटी मागून घेतली आणि सात नंबरच्या सहा फेऱ्या केल्या. आजारी आहे असं आईने तिकडे सांगितलं. मी आजारी नव्हतो.

हे झालं. मला माहीत आहे. माहीत नसतं तर "झालं ते झालं" असं लिहिण्याची गरजच पडली नसती.

बाबा

३१ जानेवारी

उद्या शर्यत. बेचाळीसच्या बेचाळीस किलोमीटर गेले, शेवटचा मॅनेजरने घेतला, गुपचूप. त्याचा शब्द "नियम". वर्गाची पुढच्या वर्षाची सोय झाली आहे, मी धावलो काय आणि पडलो काय. अकरा आयांनी मिळून मला टोपी दिली.

सात तासांत संपवायचं असतं, नाहीतर मागून बस येते आणि राहिलेल्यांना गोळा करते. मी सरांना सांगितलं, आजवर मला कोणी बसमध्ये घालून नेलेलं नाही. सर म्हणाले, झोप आता.

तुला ये म्हणत नाही. फक्त सांगतोय.

बाबा

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

मी शर्यत पूर्ण केली नाही. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

सुरुवात झकास झाली. नर्सची झोप, वकिलाची तारीख, सगळ्यांच्या खुणा करत गेलो. बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऊन लागलं. नववा किलोमीटर आईचा होता. तिथे रस्त्याच्या कडेला पाण्याचं टेबल होतं आणि एक शाळकरी पोरगी पेले घेऊन उभी होती. मी खूण केली, तिने पेला पुढे केला. एका क्षणात मिळालं, भिंगरी. कोणी म्हणालं नाही की तोंडाने म्हण. मी प्यायलो आणि रडायला लागलो. ती पोरगी घाबरली, तिने मला दुसरा पेला दिला.

तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी वेळेत होतो, थोडा पुढेच. एकतिसाव्याला सरांच्या शाळेची मुलं फुटपाथवर ओळीने उभी होती. मला बघताच सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी, हे मला वर्गात शिकवलंय. पण पायांना कोण सांगणार? थांब्यावर एवढे हात वर झाल्यावर तीस वर्षांचा ड्रायव्हर काय करणार? मी कडेला घेऊन थांबलो. मुलं खो खो हसली.

त्या ओळीच्या टोकाला एक लहान मुलगी होती. तीन वर्षांची असेल, दोन्ही कानांत मशीन, नवीकोरी. ती बाकीच्यांसारखे हात वर करायला बघत होती आणि तिचा बाप मागून तिची दोन्ही मनगटं धरून खाली दाबत होता. "हात खाली. तोंडाने म्हण. काका, या. म्हण, का-का." प्रेमाने म्हणत होता. चांगल्या कपड्यांतला, चांगल्या चेहऱ्याचा तरुण माणूस. पोरीला जीव लावणारा. ती त्याच्या ओठांकडे डोळे फाडून बघत होती आणि तिचं तोंड कोरडं पडलं होतं.

मला पुढे जाता आलं नाही.

मी फुटपाथच्या कडेवर बसलो. बसताना गुडघे असे वाजले की तो बापच दचकला. मी त्या पोरीला डायनासोर करून दाखवला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तिने मनगटं सोडवून घेतली आणि माझ्याहून चांगला डायनासोर केला. तिचा बाप म्हणाला, "काका, प्लीज. डॉक्टरांनी बोलायची सवय लावा म्हणून सांगितलंय. तिला याची सवय नको." मी म्हटलं, "बोलू दे की, कोण नको म्हणतं? हात कशाला बांधता? मी बांधले होते. माझी मुलगी सहा वर्षं माझ्या तोंडाकडे बघत नाही." तो लालबुंद झाला. "तुम्ही कोण मला सांगणारे?" म्हणून पोरीला उचलून चालता झाला. त्याचं बरोबरच होतं, मी कोण? मी उठायला लागलो, तर तो वीसेक पावलांवरून परत आला. म्हणाला, "खरंच सहा वर्षं?"

मग आम्ही बसलो. त्याने बरंच विचारलं, मी सगळं सांगितलं, टेबलापासून लग्नापर्यंत. पोरगी मधे बसून माझ्या टोपीशी खेळत होती. घड्याळाकडे माझं लक्ष होतं, आणि मी ते बघूनही बसून राहिलो. पाऊण तास गेला असेल. मंगळवारच्या वर्गाचा पत्ता त्याच्या हातावर लिहून मी उठलो.

सदतिसावा संपला आणि मागून हॉर्न वाजला. आमच्याच डेपोची गाडी, आणि स्टिअरिंगवर माझ्याच हाताखाली शिकलेला पोऱ्या. दार उघडून म्हणाला, "साहेब, चढा. नियम आहे." मी त्याला दोन-चार शब्द सुनावले, ते इथे लिहीत नाही. मग चढलो. मॅनेजरचा किलोमीटर धावायचाच राहिला!

एकच सीट रिकामी होती, ड्रायव्हरच्या मागची. इतक्या वर्षांत मी तिथे कधी बसलो नव्हतो. तिथून ड्रायव्हरची मान दिसते आणि वर आरसा. पोऱ्या आरशात बघत माझ्याशी काहीतरी बोलत होता, इंजिनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येईना. म्हणून ओठ बघायला गेलो. आरसा हलत होता, भिंगरी. त्यात त्याचं कपाळ दिसत होतं, डोळे दिसत होते, ओठ कधी दिसायचे, कधी नाही. त्या आरशातून मी तुझ्याशी बोलायचो आणि तू उत्तर दिलं नाहीस की ओरडायचो. तुझे हात मांडीखाली. तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हात नाही, कान नाही, एक हलणारा आरसा.

मला माफ कर. हे हातांनी सांगायचं म्हणून मी राखून ठेवलं होतं, पण आता राहवत नाही.

सर चार तासांत शर्यत संपवून बसची वाट बघत उभे होते. त्यांनी मला उतरवून घेतलं आणि शिट्टी वाजवली.

पाच किलोमीटर राहिलेत. लोकांचे शब्द आहेत, ते मी बुडवणार नाही. पंधरा तारखेला, रविवारी सकाळी नदीच्या बांधावर धावून टाकतो.

तुझा बाबा

१८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तू परत गेल्याला तीन दिवस झाले. घरात अजून छोटीचा एक मोजा सापडतो, एक सापडत नाही.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. बांधावर तुला उभी पाहिली तेव्हा मी पहिल्या शंभर पावलांतच श्वास हरवून बसलो, आणि ते धावण्यामुळे नव्हतं. आई सगळ्यांना सांगत सुटली आहे की पाचही किलोमीटर तू माझ्या शेजारून चाललीस आणि तरी पुढेच होतीस. सांगू दे. जावई पोरीला खांद्यावर घेऊन मागून येत होता. त्याने माझ्या "ग्रीस"ची खूण दुरुस्त केली, सुतार असून त्याला ग्रीस माझ्याहून जास्त कळतं. मी त्याची माफी मागितली, हातांनी. त्याने माझे दोन्ही हात हातांत धरले आणि सोडून दिले. तुमच्यात हात सोडून देणं म्हणजे बोल पुढे, असा अर्थ असावा, असं मी धरून चाललो.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. तीन दिवस टाळतोय.

स्टेशनवर आई आणि जावई पोरीला घेऊन पाणी भरायला गेले होते आणि फलाटावर आपण दोघंच होतो. गाडी लागायची होती. तू माझ्याकडे वळलीस आणि बोलायला लागलीस. खूप बोललीस, भिंगरी. एवढं तू माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हतीस. तुझे हात भराभर चालत होते, तुझे डोळे भरले होते, एकदा तू हसलीस, एकदा माझ्या छातीकडे बोट केलंस. शेवटी तू काहीतरी विचारलंस आणि थांबलीस. मी मान हलवली. हो म्हणालो. तू मला मिठी मारलीस.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

"आई" कळलं, "लहान" कळलं, "घर" बहुतेक कळलं. बाकी सगळं डोळ्यांसमोरून निघून गेलं. थांब, हळू सांग, अशी खूण मला येते, पहिल्याच दिवशी शिकवतात. ती केली नाही. एवढी मन मोकळं करतेय, मधे तोडलं तर पुन्हा बोलणार नाही, अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. मला येत नाही हे तुझ्यासमोर दिसायला नको होतं. म्हणून मी शहाण्यासारखा चेहरा केला आणि मान हलवत राहिलो.

गाडी सुटल्यावर मला तू आठवलीस. आरशासमोर, टेबलाशी, पाहुण्यांच्या पुढे. मी काहीही बोललो की तू मान हलवायचीस. हो बाबा, कळलं. मी आईला अभिमानाने सांगायचो, सगळं समजतं तिला. किती वेळा तुला काही कळलं नव्हतं, बाळा? निम्म्या वेळा? की कधीच नाही?

आईला विचारून उपयोग नाही, तिने पाहिलंच नाही. तू कशाबद्दल विचारलंस आणि मी कशाला हो म्हणालो, हे जगात फक्त तुला माहीत आहे. माझं हो परत घेत नाही. काहीही असलं तरी हो. पण तू मला जे सांगितलंस ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही, आणि पोचलं आहे असं समजून तू तिकडे बसली असशील, हे मला सहन होत नाही.

कार्डावर लिहून पाठवू नकोस. शनिवारी मी रजा टाकली आहे, सकाळच्या पहिल्या गाडीने येतोय. दार उघड, पण मला आत घेऊ नकोस. तिथेच उभी राहून पुन्हा सांग, पहिल्यापासून, हळू. नाही कळलं तर या वेळी मी मान हलवणार नाही.

बाबा